एका कान्याचा उतार

दोन माणसांनी मिळून एकच सायकल चालवावी, असं ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आलं तो माणूस बहुधा अविवाहित असावा. ज्याने संसार केलाय त्याला पक्कं ठाऊक असतं, की पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर यावरसुद्धा दोन माणसांचं एकमत होता होता पहाट उजाडते. मग वळायचं कुठे, थांबायचं कधी आणि जास्त दम कुणाला लागलाय, हे चालत्या सायकलीवर कोण ठरवणार?

आणि ही सायकल साधीसुद्धा नव्हती. जाड टायरांची, दगडधोंड्यांतून आणि झाडांच्या मुळांवरून जाणारी, थोडक्यात रस्ता सोडण्यासाठीच जन्माला आलेली. चांगला रस्ता असताना तो सोडायचा कशाला, या सावधानच्या प्रश्नाला भिंगरीने फोनवर उत्तर दिलं नाही. नुसती म्हणाली, "रविवारी सकाळी. या वेळी नाही म्हणालीस तर बघ."

सावधान हे काही तिचं खरं नाव नव्हे. कॉलेजात असताना जिना उतरताना, रस्ता ओलांडताना, फार काय कॅन्टीनमधला चहा पितानाही ती सोबतच्या मैत्रिणीला इतक्यांदा "जपून", "हळू", "बघ हं" म्हणायची, की मैत्रिणीने वैतागून तिला हे नाव चिकटवलं. ती मैत्रीण म्हणजे भिंगरी. भिंगरीचं नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण तिला जिना चढताना एकदा पाहिलं की दुसरं नाव सुचत नाही.

पुढे सावधान पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात मुद्रितशोधक झाली. लोकांनी गाळलेले काने, मात्रा, वेलांट्या हुडकून जागच्या जागी बसवायच्या आणि जास्तीचे उचलून फेकून द्यायचे, हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. इतिहासाच्या एका पुस्तकात 'राजा शेतकऱ्यांकडून कर घेत असे' या वाक्यात कुठूनसा एक काना शिरला होता आणि राजा शेतकऱ्यांकडून कार घेऊ लागला होता. हजारो मुलांच्या हातात ती कार पडण्याआधी सावधानने ती अडवली, ही हकिगत कार्यालयात अजून सांगतात. सध्या ती बाळंतपणाच्या रजेवर होती. रजा एकदा वाढवून झाली होती. बाळ दहा महिन्यांचं झालं होतं आणि तेवढ्या काळात सावधान बाळाशिवाय फार तर इमारतीच्या फाटकापर्यंत गेली होती. तेही मागे बघत बघत.

भिंगरीने या काळात तिला सिनेमाला बोलावलं, तेव्हा बाळाला दात येत होते. जेवायला बोलावलं, तेव्हा सर्दी झाली होती. नुसतं खाली चक्कर मारायला बोलावलं, तेव्हा बाळाला काहीच झालेलं नव्हतं आणि म्हणूनच सावधानला जास्त काळजी वाटत होती. तिने रविवारलाही नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण भिंगरी पुढे म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय. फोनवर नाही. आणि तोंडावर पण नाही."

"फोनवर नाही, तोंडावर नाही, मग कुठे सांगणार? पाठीवर?"

"तेच तर," भिंगरी म्हणाली आणि फोन ठेवला.

झालं. त्या रात्रीपासून सावधानचं डोकं तपासनीसाच्या गतीने चालू लागलं. आजार असेल. नोकरी गेली असेल. नाही, नोकरी लागली असेल, परदेशात. किंवा आपल्याशी मैत्री ठेवण्यात आता काही राम नाही असं वाटलं असेल, आणि वाटलं तर तिचं काय चुकलं? एवढं मात्र तिला स्वच्छ कळलं, की रविवारी गेलो नाही तर भिंगरी ते जे काही आहे ते दुसऱ्या कुणालातरी सांगेल. त्या दुसऱ्या कुणालातरी ती ओळखत नव्हती, पण तिला त्याचा आत्ताच राग आला होता.

"दोघींची सायकल आहे म्हणते," तिने नवऱ्याला सांगितलं.

"मग चांगलंय की. अर्धेच कष्ट."

"अर्धाच ताबा!"

मग तिने त्याला बाळाबद्दल सूचना दिल्या. उशी कुठल्या बाजूला, पाणी किती कोमट, रडणं कुठलं भुकेचं आणि कुठलं झोपेचं. तो सगळ्याला मान हलवत होता, यावरूनच तो ऐकत नाही हे उघड होतं.

"अगं, मी याच घरात राहतो," तो शेवटी म्हणाला. "आमची ओळख आहे, बाळाची आणि माझी."

"जा गं तू निवांत," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय ना?"

सावधानने नवऱ्याकडे पाहिलं. तो पायात एक निळा आणि एक काळा मोजा घालून उभा होता. यावरून जो निष्कर्ष निघत होता तो तिने मनातच ठेवला.

सायकलची बातमी इमारतीत फुटायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर काकांनी तिला जिन्यातच गाठलं. काकांनी आयुष्यभर पूल बांधले होते आणि आता बांधायला पूल उरले नसल्यामुळे ते सल्ले बांधत.

"जोडसायकलीचा नियम एकच," काका म्हणाले. "जड माणूस पुढे, हलका मागे. उलट केलंत की चढावर पुढचं चाक हवेत."

"पण काका, आमच्या दोघींत जड कोण?"

काकांच्या लग्नाला फार वर्षं झाली होती. ते एकदम जिन्याच्या छताकडे बघू लागले, तिथे काही तडा वगैरे गेलाय का हे पाहत असल्यासारखे. "ते आपलं… ज्याचं त्याने ठरवायचं," असं पुटपुटून ते घरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.

रविवारी सायकलवाल्याच्या दुकानात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. सायकल भिंतीला टेकून उभी होती, लांबच लांब, एखाद्या सायकलीला जांभई यावी आणि ती तशीच राहावी तशी. सायकलवाल्याने समजावून सांगितलं. हँडल, ब्रेक, गिअर सगळं पुढच्याच्या हातात. मागच्याला फक्त पायडल. मागचं हँडल नुसतं धरायला, ते वळत नाही. मागच्याला पुढचं काही दिसतही नाही, म्हणून पुढच्याने मोठ्याने सांगत राहायचं: खड्डा, वळण, चढ, उतार. आणि मागच्याने ऐकायचं.

"आणि एक," तो म्हणाला, "चढायचं दोघींनी, उतरायचं दोघींनी. एकटीने नाही."

"पुढे कोण बसणार?"

सावधानचं वजन बाळंतपणात वाढलं होतं आणि परत जायचं नाव घेत नव्हतं. हे तिला माहीत होतं, आरशाला माहीत होतं आणि भिंगरीला तर डोळे होते. भिंगरी फुंकर मारली तर उडेल अशी. तरी तीच पुढे झाली आणि ठणकावून म्हणाली, "मी जड आहे. मी पुढे."

सायकलवाल्याने एकदा हिच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं, पण तो धंदा करणारा माणूस होता. "हो, तसंच वाटतंय," तो म्हणाला. सावधानला भरून आलं. गेल्या वर्षभरात तिच्यासाठी कुणी एवढं धडधडीत खोटं बोललं नव्हतं.

गाडीच्या टपावर सायकल बांधून दोघी शहराबाहेरच्या राखीव रानाशी पोचल्या. रानाला फाटक होतं, फाटकाला खिडकी होती आणि खिडकीत कारकून होता. समोर जाडजूड नोंदवही.

"वाहन?"

"सायकल."

"किती?"

"एक."

"माणसं?"

"दोन."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "डबलसीट चालत नाही."

"डबलसीट नाही हो," भिंगरी म्हणाली. "दोघींनी मिळून चालवायची आहे."

कारकून बाहेर आला. सायकलभोवती त्याने एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. "चाकं दोन," तो म्हणाला, "म्हणजे वाहन एक. वाहन एक म्हणजे चालक एक. मग या मागच्या ताई कोण?"

"त्यापण चालक."

"यांच्याकडे ब्रेक आहे?"

"नाही."

"यांचं हँडल वळतं?"

"नाही."

"मग या कुठल्या चालक?" हे तो इतक्या सहज म्हणाला, की सावधानला स्वतःच्या गेल्या दहा महिन्यांबद्दल कुणीतरी बोलतंय असं वाटलं. "प्रवासी लिहिलं तर भाड्याचं वाहन होतं. त्याला आत बंदी आहे." त्याने बराच विचार केला. कुणाचं तरी भलं करायचं ठरवलेल्या माणसाचा चेहरा केला. "असं करतो, सामान लिहितो. सामानाला हरकत नाही."

"सामान?" सावधान म्हणाली.

"फुटण्यासारखं आहे का?"

"हो," भिंगरी म्हणाली.

कारकुनाने लिहिलं. सावधानने खिडकीतून मान आत घातली, कारण छापील किंवा लिखित मजकूर समोर असताना मान बाहेर ठेवणं तिला जमत नसे. आणि अपमानाने कान तापलेले असूनही तिची नजर तिथेच अडकली. "अहो, हे 'समान' झालंय. 'स'ला काना हवा."

"घ्या की समजून."

"समजून नाही घ्यायचं. काना द्या."

कारकुनाने काना दिला. अशा रीतीने सावधान स्वतःच्या देखरेखीखाली, शुद्ध भाषेत सामान झाली. "परत जाताना सामान दाखवून जायचं," कारकून म्हणाला. "आत काही टाकून यायचं नाही. रान स्वच्छ ठेवा."

पहिल्या प्रयत्नात सायकल हललीच नाही. भिंगरी म्हणाली, "उजवा पाय," आणि सावधानने विचारलं, "तुझा की माझा?" दुसऱ्या प्रयत्नात ती हलली, पण आडवी. तिसऱ्या प्रयत्नात मात्र काहीतरी जुळलं, आणि लाल मातीच्या वाटेवरून दोघी डुलत निघाल्या.

मागे बसून जग कसं दिसतं? दिसतच नाही. दिसते ती पाठ. सावधान दहा महिने ज्या डोळ्यांनी एका जिवाचा श्वास मोजत आली होती, त्या डोळ्यांना आता भिंगरीच्या पाठीवाचून काही काम उरलं नाही. टीशर्टची चिठ्ठी मानेवर बाहेर आलेली होती. खांदे वर चढलेले होते, कानांपर्यंत. भिंगरीचे खांदे कधीच असे नसत, ते नेहमी कुठेतरी निघालेले असत.

"खड्डा," भिंगरी सांगायची.

"हळू," सावधान सांगायची.

"वळण."

"जपून."

सावधानच्या हातांची बोटं सारखी आवळत होती. तिथे ब्रेक नव्हता, पण बोटांना ते कोण सांगणार? तिने एकदा खिशातून फोन काढून पाहिला. रेंजच्या काड्या एकेक करून विझल्या. घरी बाळ कुठल्या कुशीवर होतं, नवऱ्याच्या पायात कुठला मोजा होता, सगळं आता देवाच्या हवाली. गंमत म्हणजे जरा वेळाने तिला ते आठवेनासं झालं. पायडल फिरत होती. भिंगरीचा पाय खाली जायचा तेव्हा तिचाही खाली जायचा, इलाजच नव्हता, साखळी एकच होती. झाडांतून गार वारा येत होता. कॉलेजात असताना दोघी अशाच एका तालात चालायच्या, पावलं मोजून नाही, आपोआप.

मग चढ आला. लांबलचक. दोघी घामाघूम होऊन माथ्यावर पोचल्या तेव्हा सायकल जेमतेम चालत होती, एखादं मूल रांगावं तशी.

"ऐक," भिंगरी पुढे बघतच म्हणाली. "मला सांगायचं होतं ना…"

आजार, नोकरी, परदेश, सगळं एकदम सावधानच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्याच वेळी भिंगरी ओरडली,

"उतार!"

सावधान उतरली.

अगदी चटकन, शिस्तीत. मागच्याने ऐकायचं म्हणून बजावलं होतं, तिने ऐकलं. डावा पाय जमिनीवर, मग उजवा. ना पडली, ना अडखळली. इतकं नेटकं उतरल्याबद्दल तिला मनातून थोडा अभिमान वाटतो न वाटतो तोच तिने समोर पाहिलं. सायकल चालली होती. उतारावरून, वेग घेत, मागची सीट रिकामी घेऊन. आणि भिंगरी बोलत होती. मान किंचित मागे वळवून, एक हात हलवत, मनापासून बोलत होती, त्या रिकाम्या सीटला.

"अगं ए! थांब!" सावधान ओरडली.

वाऱ्यावर दोनच शब्द परत आले: "…ठरवलंय मी…" मग वळण आलं आणि भिंगरी दिसेनाशी झाली. मग धडाड असा आवाज झाला, त्यावर खडखडाट, आणि मग शांतता.

सावधान धावली. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच धावत होती आणि शरीराच्या कुठल्या भागाने कुठे जायचं याबद्दल शरीरात एकवाक्यता नव्हती. अर्धा उतार ती पायांनी उतरली आणि उरलेला बसून, म्हणजे ज्याला सभ्य भाषेत घसरणं म्हणतात त्या पद्धतीने. पाठीवरच्या पिशवीतून पाण्याची बाटली निसटून तिच्याही पुढे गेली.

वळणाखाली कोरड्या ओढ्यात भिंगरी बसली होती. सायकल तिच्या मांडीवर आडवी, पुढचं चाक वाकडं, गुडघा फुटलेला. आणि ती रडत होती. पडल्यावर रडतात तसं नाही. तोंड दाबून.

"हात हलतो? पाय हलतो? मान? मान हलव आधी!" सावधानने सायकल बाजूला फेकली आणि पिशवी उपडी केली. तीत बाळाच्याच वस्तू होत्या, कारण दुसरी पिशवी कशी भरतात हे ती विसरून गेली होती. खुळखुळा निघाला, नाकात घालायचे थेंब निघाले, टोपडं निघालं. ओल्या पुसण्यांनी तिने जखम पुसली आणि बांधायला काही सापडेना म्हणून गुडघ्याला चक्क डायपर गुंडाळून त्याच्या पट्ट्या घट्ट चिकटवल्या. बांधणी उत्तम झाली. सरावाचा हात.

"एवढं वाईट वाटलं तुला?" भिंगरी हुंदका आवरत म्हणाली.

"कशाचं?"

"मी सांगितलं त्याचं. चालत्या सायकलीवरून उडी मारण्याइतकं?"

"उडी कुठली? तूच म्हणालीस म्हणून उतरले मी!"

"मी कधी म्हणाले?"

"मोठ्याने म्हणालीस. 'उतर!'"

भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली. "उतार," ती सावकाश म्हणाली. "मी म्हणाले, उतार. 'त'ला काना. पुढे उतार आहे!"

कुठेतरी एक पक्षी ओरडला, तोही हसल्यासारखा. जिने राजाची कार अडवली, जिने स्वतःला सामान करताना काना सोडला नाही, तिने भर डोंगरमाथ्यावर अख्खा काना गिळला होता.

"म्हणजे तू काहीच ऐकलं नाहीस?" भिंगरीने विचारलं.

"एक अक्षर नाही. 'ठरवलंय मी' एवढंच."

"मी सगळं सांगितलं गं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. सांगायला लागले आणि सायकल एकदम हलकी झाली. मला वाटलं, मन मोकळं केल्यामुळे हलकं वाटतंय." ती रडता रडता हसली. "मग विचारलं, काय वाटतं तुला? तू गप्प. विचारलं, रागावलीस का? तू गप्प. मागे बघते तर सीट रिकामी."

"मग आता सांग."

"आता नाही. तू समोर आहेस. म्हणून तर ही सायकल आणली. तुझ्या तोंडाकडे बघून मला सांगता येत नाही."

सावधानने तिच्याकडे पाहिलं. मग ती उठली, भिंगरीच्या पुढ्यात गेली आणि दगडावर बसली, पाठ करून. दोन्ही हात तिने हवेत धरले, हँडल धरल्यासारखे.

"ही घे पाठ. सांग."

मागून आवाज आला. "मी मूल घेतेय. दत्तक. मुलगी आहे, दीड वर्षाची. एकटीलापण मिळतं, सगळ्या तपासण्या झाल्या, घर बघून गेले. पुढच्या आठवड्यात आणायला जायचं." मग ती म्हणाली, "चालते ती. धडपडते, पण चालते. मान धरावी लागत नाही तिची. मी मुद्दाम विचारून घेतलं."

मान.

सावधानच्या डोळ्यांसमोर सगळं आलं. बाळ दोन महिन्यांचं होतं. भिंगरीने हौसेने उचललं होतं, आणि बाळाची मान इवलीशी कलंडली होती. सावधानने खोलीच्या त्या टोकापासून झेप घेतली होती. "दे इकडे! मान धरायची असते, एवढं कळत नाही?" बस, एवढंच. ती ते त्याच संध्याकाळी विसरली होती. पण त्यानंतर भिंगरी जेव्हा जेव्हा घरी आली तेव्हा तेव्हा ती बाळाशी बोलायची, त्याला हसवायची, भुवया उडवायची, आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसायची. सावधानला ते दिसलं होतं. तिला सगळंच दिसायचं. तिला वाटलं होतं, हिला थंडी वाजत असेल. तपासून, सही करून छपाईला पाठवलेल्या पानावर पुस्तक हातात आल्यावर ढळढळीत चूक दिसावी, तसं तिला झालं.

"ए," मागून आवाज आला, बारीक. "परत उतरलीस का?"

"नाही," सावधान म्हणाली. "आहे. इथेच आहे."

"मग बोल ना. नको म्हणायचं असेल तर आत्ता म्हण. सगळ्यात आधी तुलाच सांगायचं होतं आणि सगळ्यात जास्त भीती तुझीच वाटत होती."

सावधानच्या मनात एकाच वेळी अनेक गोष्टी आल्या. जिन्याला जाळी लावावी लागेल. फरशी घसरते त्या घराची. औषधं वरच्या फळीवर हवीत. त्या सगळ्या तिने गिळल्या. एक काना गिळला होता, त्यामानाने हे जड गेलं.

"नाव काय ठेवणार?" तिने विचारलं.

मागे श्वास सुटल्याचा आवाज आला. "ते तू शोधून दे. काना-मात्रा तपासून."

सावधान वळली. तिने हात लांब करून भिंगरीच्या मानेवरची टीशर्टची चिठ्ठी आत खोचली. "आणि जिन्याला जाळी लाव," ती म्हणाली, कारण माणूस गिळून गिळून किती गिळणार? भिंगरी खदाखदा हसायला लागली, गुडघ्यावरच्या डायपरसकट.

वाकडं चाक घेऊन सायकल चालवणं शक्य नव्हतं. दोघींनी ती ढकलत आणली, एक पुढे, एक मागे. कुठे भिंगरी "खड्डा" म्हणे, कुठे सावधान. फाटकाशी कारकून वाटच बघत होता. त्याने भिंगरीचा गुडघा पाहिला, सावधानची लाल मातीने माखलेली मागची बाजू पाहिली, आणि त्याच्या चेहऱ्यावर आपला संशय खरा ठरल्याचं समाधान पसरलं.

"सामान चालत कसं आलं?"

"मध्ये पडलं होतं," भिंगरी म्हणाली. "पण आत टाकून नाही आलो."

"जरा ती वही बघू," सावधान म्हणाली. कारकुनाने वही सरकवली. तिने त्याचंच पेन उचललं आणि सकाळी हट्टाने घालून घेतलेला काना एका रेघेत काढून टाकला.

"अहो ताई! वहीत खाडाखोड चालत नाही!"

"खाडाखोड नाही, दुरुस्ती आहे. मुद्रितशोधक आहे मी."

कारकुनाने वही डोळ्यांजवळ नेली. "समान, नग एक," त्याने वाचलं. "म्हणजे काय?"

"तुम्ही सकाळी बरोबरच लिहिलं होतं," सावधान म्हणाली.

सायकलवाल्याने चाकाकडे पाहून कपाळाला हात लावला, आणि डायपरकडे पाहून तो काढला. त्याच्याशी झालेली बोलणी लांबली ती सोडून देऊ. घरी पोचेपर्यंत दुपार झाली.

दार सासूबाईंनी उघडलं. घरात रडण्याचा आवाज नव्हता, पसारा नव्हता, आग लागलेली नव्हती. बाळ चटईवर बसून डब्याचं झाकण चाटत होतं आणि नवरा त्याच्या शेजारी गाढ झोपला होता. दहा महिन्यांत पहिल्यांदा आई इतका वेळ लांब होती, आणि बाळाने झाकणावरची नजरसुद्धा उचलली नाही. सावधानला सुटल्यासारखंही वाटलं आणि रागही आला.

मग बाळाने पाहिलं. चेहरा वाकडा झाला, ओठ थरथरले, दोन्ही हात वर गेले. सावधान पुढे झाली आणि थबकली. ती नखशिखांत मातीने माखली होती. भिंगरी वाटेतल्या नळावर हातपाय धुऊन आली होती, ती दारातच उभी होती. हात पाठीमागे.

सासूबाई पुढे सरसावल्या. "थांब, मी घेते त्याला."

"नको आई," सावधान म्हणाली. "ए भिंगरी. धर गं जरा याला. मी अंघोळ करून येते."

भिंगरीचे हात पाठीमागून पुढे यायला वेळ लागला. "मी?"

"मग कोण? मी सामान आहे."

ती न्हाणीघरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. कडीवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. बाहेर बाळ रडत होतं. हे रडणं भुकेचं नव्हतं, झोपेचं नव्हतं, ओळखीचं नव्हतं. तिचा हात कडीवर आवळला, ब्रेकवर आवळावा तसा.

"मान?" बाहेरून भिंगरीने हाक मारून विचारलं.

"नाही धरावी लागत आता," सावधान आतून म्हणाली. आणखी काही म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

पावलं वाजू लागली. हळू, लंगडत, या खोलीतून त्या खोलीत. आणि पावलांबरोबर भिंगरीचा आवाज, खांद्यावरच्या, पुढचं काही न दिसणाऱ्या एका लहानशा माणसाला सांगत जाणारा. "हे बघ, वळण हं… आता उंबरा… आता खुर्ची, खुर्चीला वळसा…" रडणं हुंदक्यांवर आलं. मग नुसता उसासा. "शहाणं ते. आता चटईवर बसायचं. चल, आता उतार."

या वेळी काना स्वच्छ ऐकू आला. सावधानने कडीवरचा हात काढला आणि नळ मोठा सोडला.